रस्ता बठ्ठासना शे

धुळे, मंगळवार, संध्याकाळ

राग अजून उतरलेला नाही.

चौकातला फुटपाथ वाढदिवसाच्या फ्लेक्सने अडवलाय. त्यामुळे भाजीवाली सखूअक्का टोपली घेऊन थेट रस्त्यावर बसली होती, रिक्षा तिला घासून जात होत्या. तिला विचारून मी फोटो काढला. दुसरा काढणार, तेवढ्यात कॅमेऱ्यावर हात आला. बोटाबोटांत अंगठ्या असलेला. ज्याचा वाढदिवस, तोच.

"ताई, माझ्या फ्लेक्सचा फोटो मला न विचारता काढायचा नाही. डिलीट करा."

म्हणजे? घराएवढ्या फ्लेक्सवरून तू अख्ख्या गावाकडे बघून हसतोस, तेव्हा गावाला विचारलं होतंस? आणि तो हसरा फोटो माझ्याच स्टुडिओत काढलेला. हे तेव्हा सुचलंच नाही, आत्ता लिहिताना सुचतंय. मी आपली कायदा सांगत बसले, की जागा सार्वजनिक आहे, इथे फोटोला बंदी नाही. तो नुसता हसला. मग रागात माझ्या तोंडून घरची अहिराणीच निघाली.

"भाऊ, रस्ता बठ्ठासना शे."

रस्ता सगळ्यांचा आहे, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. रिक्षावाले हसले. अंगठ्यांचा हात खाली गेला.

डिलीट काही केलं नाही. घरी येऊन बघते तर दुसराही फोटो निघालाय. सगळा त्याचा हात, आणि बोटांच्या फटीतून अक्काची टोपली. उद्या तोच मोठा करून स्टुडिओच्या काचेत लावणार. खाली नाव लिहायची गरज नाही. त्याच अंगठ्या घालून तो फ्लेक्सवर गावाला हात जोडतोय.