आतबाहेर एकच फरशी

१७ नोव्हेंबर, पंपघर, दुपार

चि. ठकू,

आशीर्वाद. आई बरी आहे, गुडघा सोडून. मीही बरा आहे. टाकीची दुरुस्ती चालू असल्याने आज पंप बंद आहेत, त्यामुळे इथे कधी नव्हे ती शांतता आहे. म्हटलं, लिहून टाकावं. फोनवर माझ्याच्याने होत नाही. "बारक्या बसतो का हो अंगणात?" असं तू भावाचं विचारलंस की मी फोन आईकडे देतो, आणि आई म्हणते, दूध उतू जातंय. तुझा फोन आला की आमच्याकडे दरवेळी दूध उतू जातं, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

आधी घराचं सांगतो. तू नकाशात काढलंस तसंच सगळं झालं. मागच्या, बारक्याच्या खोलीची अंगणाकडची भिंत अख्खी गेली आणि तिथे सरकतं काचेचं दार बसलं. खालचा रूळ फरशीत इतका बुडवलाय की अनवाणी पायालाही कळत नाही. आत जी काळसर फरशी, तीच पुढे बाहेर झाडापर्यंत गेली आहे. बाहेरच्या फरशीला तू सांगितलेला उतार देताना गवंडी कुरकुरला, "साहेब, पाणी आत आलं तर मला बोलायचं नाही." मग स्वतःच बादली ओतून बघितली. पाणी मुकाट झाडाकडे गेलं. "पोरगी हुशार आहे तुमची," म्हणाला, "बापावर गेलेली दिसत नाही."

छज्जा पुढे काढल्यामुळे दुपारचं ऊन उंबऱ्यापर्यंत येऊन थांबतं. उंबरा ही आपली बोलायची सवय, आता उंबरा कुठला. सकाळी देवापुढे बसतो तेव्हा पाखरं घरातच असल्यासारखी ऐकू येतात. शेजारच्या काकू येऊन गेल्या. "अगंबाई, घर आहे की बाग?" म्हणाल्या, तेव्हा तुझी आई हसली. खूप दिवसांनी हसली म्हणून मुद्दाम लिहितो. मग काकूंनी विचारलं, "मुलगा दिसत नाही?" आई म्हणाली, "झोपलाय."

तर बारक्याचं.

तो आता त्या खोलीत नाही. जिन्याखाली अडगळीची जागा आहे ना, जिथे तू लहानपणी लपायचीस, तिथे राहतो. जुनी ट्रंक, मोडका पंखा, रंगाचे डबे त्याने बाहेर काढून भिंतीशी नीट लावून ठेवले आणि गादी दुमडून आत नेली. पाय पसरता येत नाहीत तिथे. खिडकी नाही, हे तुला सांगायला नको. दाराला आतून कडी नव्हती, तर ते त्याने दोरीने बांधून घेतलंय.

आमची पद्धत तुला माहीत आहे, तरी लिहितो, कारण सगळं तिथेच अडलं. नोकरी सोडून घरी आला, बॅग ठेवली, दार लावलं, तेव्हापासून तो बोलत नाही. आपण बाहेरून विचारायचं. नको असेल तर तो दारावर एकदा वाजवतो, हवं असेल तर गप्प. "अजून वाढू?" गप्प, म्हणजे वाढायचं. "डॉक्टरांना बोलावू?" टक. म्हणजे नको. आईला त्या आवाजाचाही आधार वाटायचा. म्हणायची, निदान नाही तरी म्हणतो माझं लेकरू.

नकाशा पाठवलास तेव्हा तू बजावलं होतंस, "बाबा, आधी त्याला विचारा." मी विचारलं, ते खोटं नाही. दाराशी उभा राहून सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, तू बाहेर येत नाहीस, तर आपण बाहेरच तुझ्याकडे आणू. ताईने फार छान काढलंय. भिंत पाडू का?

आतून काही नाही. मी बराच वेळ उभा होतो.

"अहो, झोपला असेल," आई म्हणाली. "संध्याकाळी पुन्हा विचारा."

"गप्प आहे म्हणजे हो. आपल्यात ठरलंय ना?"

संध्याकाळी मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ठकू, मला तो आवाज ऐकायचा नव्हता. तुला मात्र कळवलं, तो हो म्हणाला. तू फोनवर आनंदाने रडलीस, आणि मी ऐकत राहिलो.

गवंडी आणि त्याची दोन माणसं अंगणातून घण घालू लागली. मला वाटलं, आवाज सुरू झाला की तो उठून आमच्या खोलीत येईल. आला नाही. पहिला मोठा तुकडा आत कोसळला. धूळ बसली आणि तो दिसला. समोरच्या भिंतीशी पलंगावर बसलेला, उशी डोक्यावर घट्ट धरून. दाढी वाढलेली, अंगावर उन्हाचा मागमूस नाही. कितीतरी दिवसांनी मी माझ्या मुलाला पुरतं पाहिलं, आणि ते असं, परक्या माणसांच्या शेजारी उभं राहून, भगदाडातून. गवंड्याने घण खाली ठेवला. "साहेब, आत माणूस आहे हे सांगितलं नाही तुम्ही?"

बारक्या ओरडला नाही. डोळ्यांवर हात आडवा धरून माझ्याकडे बघत होता. मग उठला, दार उघडलं आणि जिन्याखाली गेला. ज्या दाराबाहेर आम्ही इतके दिवस उभे होतो, ते त्याने आपल्या हाताने उघडलं. देवाजवळ मी रोज हेच मागत होतो. उघडून त्याने कुठे जावं, हे मागायचं राहिलं होतं.

त्यानंतर टकटक बंद झाली. आई विचारते, "वाढू?" आत गप्प. ती वाढते आणि ताट जवळजवळ तसंच बाहेर येतं. आता त्याच्या गप्प बसण्याचा अर्थच लागत नाही. परवा ताट सरकवताना त्याचा हात दिसला. मनगट तुझ्या शाळेच्या वयातल्या मनगटाएवढं राहिलंय. आईला मी ते सांगितलं नाही. तिनेही पाहिलं असणार.

काल कामावरून आलो आणि जिन्याखाली, दाराबाहेर, फरशीवर बसलो. विचारलं, "भिंत परत बांधू का रे?"

गप्प.

या वेळी उठलो नाही. थोडं थांबून पुन्हा विचारलं. गप्प. नंतर आणखी एकदा विचारलं, आणि आतून वाजलं. एकदाच.

आई ओल्या हातांनी धावत आली. "काय म्हणाला?"

"नको म्हणाला."

"काय नको?"

"भिंत."

ती माझ्या खांद्यावरून वाकली. मग दाराला हात लावून म्हणाली, "मग काय हवंय रे सोन्या?"

त्यावर काहीच नाही. आमच्या पद्धतीत या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. आणि ठकू, ती पद्धत सुरू झाल्यापासून हा प्रश्न आम्ही त्याला विचारलाच नव्हता.

तू स्वतःला बोल लावू नकोस. घर तू चांगलंच काढलंस. ते मोठं दार मी रोज सकाळी उघडतो. खोलीत कुणी नसतं. पाचोळा आतपर्यंत येतो, आई तो झाडून पुन्हा बाहेर लोटते.

जमेल तितक्या लवकर ये. नकाशा आणू नकोस, मोजायची टेपही नको. त्या दाराबाहेर एकाच माणसाला बसता येईल एवढी जागा आहे. तू येईपर्यंत मी तिथे बसतो. आलीस की मला उठायला हात दे, आणि तू बस.

तुझी जागा धरून बसलेला,
बाबा