मेंढ्यांचा बांध, शनिवारचे लग्न

लिहून ठेवणार: उमसुनाय, दिवंगत काचकिन याची पत्नी, वय बहात्तर, कामधंदा रोड रोलर चालवणे (आता निवृत्त), राहणार कारा-तोपो, नारिन.

मी हे मृत्युपत्र पुऱ्या शुद्धीत, स्वसंतोषाने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला दिला आहे. दाखला लिहिताना त्या हसत होत्या, पण शिक्का सरळ मारला आहे.

मरण जवळ आले म्हणून मी लिहायला बसलेली नाही. उद्या शनिवारी माझे लग्न आहे, म्हणून बसले आहे. नवरा शाइम्बेक, याच गावचा, विधुर, जन्मभर ग्रेडर चालवून रस्त्यावर माती पसरत आलेला. ही बातमी मी मुलाला, उलानला, फोनवर सांगितली. तो बिश्केकला शाळेत मास्तर आहे.

“आई, सत्तरी उलटली तुझी!”

“म्हणून तर घाई आहे.”

“लोक हसतील गं.”

“हसू देत. लग्नात रडलेलं बरं दिसतं का?”

शेवटी तो म्हणाला, “कर. पण आधी घराचं काय ते लिहून ठेव. उद्या बाबांच्या घरात कुणी परका ठाण मांडून बसायला नको.”

शब्द लागला मला. पण पोटच्या मुलाचे म्हणणे वावगे आहे असेही म्हणता येईना. सबब पुढीलप्रमाणे.

कलम पहिले. राहते घर, मागचे अंगण आणि जर्दाळूची झाडे माझ्या पश्चात उलानची. घराविषयी त्याला दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. आमच्याकडची पिवळी माती कोरडी असते तोवर भिंतीसारखी उभी राहते आणि पाणी मुरले की साखरेसारखी बसते. गावातली निम्मी घरे त्यापायी तडकली. आपला पाया खणला तेव्हा निघालेली माती मी तशीच परत लोटू दिली नाही. तिच्यात चुना कालवला, वीतभर थर घातला, बेताचे पाणी शिंपडले आणि धुमसाने ठोकला. मग दुसरा थर. काचकिन धुमस मारून मारून घामाघूम व्हायचा आणि ओरडायचा, “बाई गं, घर बांधतेयस की किल्ला?” आजवर भिंतीला केसाएवढी चीर नाही. ओसरी मात्र मी कामावर गेले असताना त्याने एकट्याने, मला खूश करायला, घाईघाईत घातली. तिला पडलेली भेग त्याच्या हातची आहे. ती कोणी बुजवू नये. छपराचे पाणी भिंतीपासून लांब काढावे.

कलम दुसरे. अंगणातला तीन चाकांचा लोखंडी रोलर मुलगी बेगाइमचा. रस्त्यांचे ऑफिस बंद पडले तेव्हा थकलेल्या पगाराऐवजी तो मला मिळाला. तेव्हापासून भंगारवाले जावयासारखे येऊन चहा पितात आणि त्याच्याकडे बघत बसतात. त्यांना चहा द्यावा, रोलर देऊ नये. बेगाइम आता थरथरणारा नवा रोलर चालवते. एका फेरीत तो माझ्या चार फेऱ्यांचे काम करतो. मी तिच्या शेजारी बसून पाहिले आहे. उतरल्यावरही तासभर माझी कवळी वाजत होती. तरी पोरी, मशीन कितीही मोठे असो, आधी खाली उतरून माती मुठीत दाबून बघत जा. मुठीचा आकार धरला आणि बोटाने टोकल्यावर फुटली, तर चढ रोलरवर. हाताला चिकटली तर घरी जा.

कलम तिसरे. हे मालमत्तेचे नाही, पण लिहिल्यावाचून मला राहवणार नाही.

गावाच्या वर जो तलाव आहे त्याचा मातीचा बांध आम्ही घालत होतो. मी रोलरवर, शाइम्बेक ग्रेडरवर. दोघेही तरुण आणि दोघेही तोंडाळ. बांध हातभर वर यायचा राहिला असताना रोलरचा क्लच गेला. नवा फ्रुंझेहून, म्हणजे आताच्या बिश्केकहून, यायचा होता. त्यातच वसंत लवकर आला, डोंगरावरचा बर्फ वितळायला लागला आणि तलावात पाणी चढू लागले. वरची माती सैल. पाणी तिला टेकले की बांध जाणार, आणि बांधाखाली गाव.

अशातच एका सकाळी एक मेंढपाळ आपला कळप घेऊन उन्हाळी कुरणाकडे निघालेला. वाटेवर चिखल, म्हणून त्याने मेंढ्या सरळ आमच्या बांधावर घातल्या. मी पाना उगारून धावले.

“ए, डोळे फुटले का? माझा भराव तुडवतोयस!”

“ताई, मेंढ्यांना वाचता येत नाही. पाटी लावायची होतीस.”

मी त्याला आणखी काही बोलणार होते, पण बोलता बोलता टाच आपटली आणि टाच रुतली नाही. जिथून कळप गेला होता तिथली माती चार बोटे खाली बसून घट्ट झाली होती. बारीक खुरांनी ती वरवर न दाबता खालपासून दाबली होती. मी त्याला हाक मारली, “अरे, परत फिरव!”

“आत्ता तर हाकलत होतीस.”

“आता बोलावतेय. फिरव, हात जोडते.”

मग काय विचारता! शाइम्बेकने माती पातळ पसरायची, गावातल्या बायांनी बादल्यांनी पाणी शिंपडायचे आणि मेंढ्यांनी इकडून तिकडे, तिकडून इकडे जायचे. पोरे शिट्ट्या मारत होती, म्हातारे पैजा लावत होते, कुणीतरी कढईत बोर्सोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळायला घेतले. पाणी वर येत होते आणि बांध त्याच्या पुढे पुढे वर जात होता. तो अजून उभा आहे. त्याच्यावर घोडे चरतात.

संध्याकाळी मेंढपाळ माझ्याकडे आला. “मेंढ्या माझ्या, पाय त्यांचे. मग बांध तुझा कसा?”

मी म्हटले, “तूही माझाच हो, म्हणजे वाटणी करायला नको.”

तो काचकिन. बोलून गेले खरी, पण नंतर रोलरमागे जाऊन तोंड लपवले. शरद ऋतूत आमचे लग्न झाले. पुढे काही वर्षांनी ऑफिसात खुरांसारखे लोखंडी गुटके बसवलेला मेंढीपाय रोलर आला, तेव्हा काचकिनने मेंढ्यांना चाटायला देतात तशी त्याला मिठाची चिमूट दाखवली आणि म्हणाला, “घे, आमच्यातलाच आहेस.”

आता हक्काचे. मेंढ्या परत फिरवण्याची कल्पना आपली होती असे शाइम्बेक गावातल्या प्रत्येक समारंभात सांगत आला आहे. ती माझी होती. लग्न झाल्यावरही ती माझीच राहील.

कलम चौथे. शाइम्बेकला मी काही ठेवत नाही. तसे त्यानेच बजावले आहे. मागच्या शरदात माझी गल्ली उखडली होती, तेव्हा तो न सांगता जुना ग्रेडर घेऊन आला. मीही रोलर सुरू केला. दिवसभर तो पुढे, मी मागे. काम आटोपल्यावर म्हणाला, “उमसुनाय, मी पसरायचं आणि तू दाबायचं, यात जन्म गेला. आता चहा तरी एका चुलीवरचा पिऊ.” मी चहा ओतला. हसू आवरेना म्हणून अर्धा बाहेर सांडला.

कलम पाचवे. मला काचकिनशेजारी ठेवावे. कबरीवरची माती थराथराने घालून बुटांनी नीट दाबावी. खचलेली कबर माझ्या नावाला शोभणार नाही.

पुरवणी. वरील मजकूर नोटरीबाई वाचून दाखवत होत्या तेव्हा दार उघडून उलान आत आला. रात्रभर गाडी चालवून आला होता, डोळे लाल. भिंतीला टेकून त्याने सगळे ऐकून घेतले.

“आई, तू आधी गेलीस तर काका कुठे राहणार? त्यांनी त्यांचं घर मुलाला देऊन टाकलंय ना?”

हा प्रश्न मला आठवडाभर झोपू देत नव्हता आणि लिहायचा धीर होत नव्हता.

“लिहा बाई,” तो नोटरीबाईंना म्हणाला, “आईच्या पश्चात शाइम्बेक काकांनी हयातभर याच घरात राहावं. त्यांना ‘उठा’ म्हणायचा हक्क मला नाही, माझ्या मुलांनाही नाही.” मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, “परका म्हणालो होतो. तेवढं त्यांना सांगू नकोस.”

तो मजकूर त्याच्याच शब्दांत कलम सहावे म्हणून धरावा. तो मला पूर्णपणे मान्य आहे. कागदावर जिथे शाई पसरली आहे तिथे खाडाखोड नसून माझे डोळे आहेत, याची नोंद घ्यावी.

साक्षीदार:
१. सोनुनबू, शेजारीण. (सही)
२. तोक्तोबाय, टपालवाला. (सही)

वाचून, समजून, आनंदाने सही केली.
उमसुनाय

स्थळ: कारा-तोपो, नारिन
शुक्रवार, १४ जून २०१९

ता. क. उलान म्हणतो, उद्या मांडवात माझा हात धरून तोच नेणार.