डाव्या हाताची नक्कल

बाबा, काल पांढुर्ण्याच्या परीक्षा केंद्रावर मी तुमची गोष्ट सांगून टाकली. तुम्ही जन्मभर कोणाजवळ काढली नाही, ती. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तरी सांगताना तुम्ही दाराशी उभे आहात असं वाटलं.

तुमची नात यंदा दहावीला आहे. तुम्ही तिला पाहिलं नाही. काल गणिताचा पेपर होता. मी कचेरीत होते, तेवढ्यात फोन आला, मुलीला नकल, म्हणजे कॉपी, करताना पकडलंय, लगेच या. मी धावत पोहोचले तेव्हा ती केंद्राध्यक्षांच्या खोलीत खुर्चीवर ताठ बसलेली. उत्तरपत्रिका टेबलावर, त्यावर पेपरवेट, आणि शेजारी नकल प्रकरणाचा फॉर्म. तिचं नाव, रोल नंबर भरून झालेला. फक्त सही बाकी होती. वर्गावरच्या बाई म्हणाल्या, "मी स्वतः पाह्यलं. उजव्या हातानं लिहून राहिली अन् डाव्या हाताची बोटं नाचवून राहिली. मागच्या पोरीले उत्तरं सांगून राहिली होती." तुमची नात माझ्याकडे पाहत होती. मला सगळं कळलं होतं. तरी मी फॉर्मवरचं तिचं नाव वाचत राहिले.

तुम्हाला ती संध्याकाळ आठवते का? सौंसरचं आपलं स्वयंपाकघर, आई चुलीपाशी भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर बसून वह्या तपासता आहात. मी आठ वर्षांची. शुद्धलेखन लिहिते आहे आणि माझा डावा हात चटईवर उजव्याबरोबर हलतो आहे, कोऱ्या जागेत तीच अक्षरं काढत. तुम्ही म्हणालात, "तो हात काय करून राहिला? ठेव खाली." मी मान वर केली. तुमचा डावा हात नेहमीसारखा पायजम्याच्या खिशात होता, आणि लाल पेन जसं फिरेल तशी खिशाच्या कापडाखाली बोटं फिरत होती. मला इतका आनंद झाला, बाबा. मी ओरडले, "तुमचाही तर हलते!" तुम्ही उठलात आणि माझ्या कानाखाली मारलीत. पुन्हा हे तोंडातून काढलंस तर शाळा बंद, म्हणालात. आई भाकरी थापायची थांबली, मग पुन्हा थापू लागली. त्या दिवसापासून मी हात लपवायला शिकले. कचेरीत माझा डावा हात आजही अर्धवट उघड्या ड्रॉवरमध्ये असतो.

पोरीला मागच्या हिवाळ्यात नागपूरला दाखवलं होतं. डॉक्टर तरुण, बोलायला साधे. त्यांनी स्वतःचे दोन्ही हात टेबलावर ठेवून समजावलं. पोटातल्या बाळाचा मेंदू तयार होताना उजव्या बाजूचे बरेचसे मज्जातंतू डावीकडे जातात, डावीकडचे उजवीकडे. मध्यरेषेपाशी एक प्रथिन असतं, नेट्रिन नावाचं. ते कोवळ्या तंतूंना हाक मारतं, इकडे या, इथून पलीकडे जा. तंतूच्या टोकाला ती हाक ऐकणारं दुसरं प्रथिन असतं. त्यात खोट असली तर काही तंतूंना हाक पुरती ऐकू येत नाही, आणि ते ओलांडायचे सोडून आपल्याच बाजूनं खाली उतरतात. मग एका हाताला दिलेला हुकूम दोन्ही हातांना पोहोचतो. "बुद्धीत काही कमी नाही," ते म्हणाले, "हे बहुतेक आईवडिलांकडून येतं. घरात आणखी कोणाला?" मी पर्सचा पट्टा घट्ट धरून म्हणाले, "नाही." त्यांनी शाळेसाठी चिठ्ठी दिली. ती मी कपाटात साड्यांखाली ठेवली. उद्या सोयरीक जमवताना लोक काय म्हणतील, हाच विचार. म्हणजे काल तो फॉर्म बाईंनी भरला, पण भरायला मीच लावला.

केंद्राध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं. तेव्हा मी म्हणाले, "सर, सही करू नका. तिचा हात आपोआप हलते. माझाही हलते." बाई हसल्या. "आता मायही नाटक करून राहिली." सरांनी टोपण परत लावलं. दोन कोरे कागद आमच्यापुढे सरकवले आणि आकडे सांगू लागले, कधी भरभर, कधी मध्येच थांबून. आम्ही मायलेकी लिहीत होतो. परक्या माणसांसमोर मी डावा हात टेबलावर ठेवला तो आयुष्यात पहिल्यांदा. सर थांबले की दोघींची डावी बोटं थांबत, सुरू झाले की सुरू. बाईंचं हसू गेलं.

"हे कोणाकडून आलं?" सरांनी विचारलं.

"माझ्या बाबांकडून. ते सौंसरले मास्तर होते."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "डावा हात खिशात ठेवून शिकवायचे ते?" मी मान हलवली. "मी त्यांच्या वर्गात होतो. आम्ही पोट्टे खिशात हात घालून त्यांची नक्कल करत होतो. त्यांना माहीत होतं. कधी कोणाले मारलं नाही. देवमाणूस." सरांनी फॉर्म आडवा फाडला, पोरीला उत्तरपत्रिका परत दिली. "चिठ्ठी उद्या आणून द्या. गेलेला वेळ मात्र मी परत देऊ शकत नाही."

तिची दोन गणितं राहिली.

देवमाणूस म्हणाले तेव्हा तो स्वयंपाकघरातला प्रकार माझ्या ओठावर आला होता. पोर बाजूला उभी होती म्हणून गिळला. हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं, कारण पुढचं लिहायची लाज वाटते. पेपर सुटल्यावर फाटकाबाहेर मी पोरीला जवळ घेतलं आणि म्हणाले, "विज्ञानाच्या पेपरले तो हात ओढणीत गुंडाळून बसशील."  ती म्हणाली, "नाही, आई."

मी तिच्यावर चिडले, बाबा.