बारा खुणांचा भाऊ

४ मार्च
बोळा पाठवला एकदाचा! गालाच्या आतून फिरवायचा, डबीत घालायचा, की डीएनएवरून बापाकडची माणसं सापडतात म्हणे. अनाथालयाच्या वहीत माझ्या बापाची जागा कोरी आहे. ती एकाहत्तराव्या वर्षी भरायला निघालोय. उशीरच झाला – पण गिऱ्हाइकांना तरी मी कपडे कधी वेळेवर दिले?

लेक दरपत्रक वाचत होती. "बारा, सदतीस, सदुसष्ट की एकशे अकरा? डीएनएतल्या किती खुणा तपासायच्या, बाबा?" खुणा वाढतील तसा भाव चढा. बारा म्हटलं. कोटाला बारा मापं पुरतात, माणसाला का पुरू नयेत?

२९ एप्रिल
बाराच्या बारा जुळणारे एकशे त्रेचाळीस जण! काल एकही नातेवाईक नव्हता, आज बसवायला खुर्च्या नाहीत. सगळ्यांना पत्रं लिहिणार. लेक कपाळाला हात लावून बसलीय.

१७ मे
एकाचं उत्तर आलं. पावाची भट्टी आहे त्याची. सडाफटिंग, माझ्याहून चार वर्षांनी लहान. "दादा, रविवारी येऊ का?"

दादा! तीनदा वाचलं. मग चष्मा पुसून चौथ्यांदा.

२० मे
आला. पिशवीभर पाव घेऊन. दारातच वाकायला लागला, मी हाताला धरून उठवलं. खूप बोलतो. माझ्यासारखाच – असं लेक म्हणाली, कौतुकाने नव्हे.

मी टेप काढली. डावा खांदा अर्धा इंच उतरलेला, अगदी माझ्यासारखा! आता खरं लिहायचं तर अर्ध्या गिऱ्हाइकांचा तसाच असतो. पण आज ते कशाला आठवायचं?

२६ मे
लेक म्हणते, बारा खुणा कुणाच्याही कुणाशी जुळतात. सदतीसला खरं काय ते कळेल. "त्यांची सदतीसची झालेली आहे, बाबा. तुमचा नमुना कंपनीकडे पडून आहे, परत बोळा नको. फक्त वरचा फरक भरायचा. एकतीस तारखेपर्यंत सवलत."

सवलतीचं एवढं कौतुक हिला कुठून आलं? माझ्याकडूनच.

३० मे
रविवारी परत आला होता. जाताना म्हणाला, "दादा, जपा."

भीती वाटते. बाप नाही सापडला तरी चालेल, हा जायला नको.

३१ मे
भरले पैसे. तो दादा म्हणतो आणि मला दुसऱ्याचा कोट अंगात घातल्यासारखं होतं. कळलेलं बरं.

१२ जुलै
सदतीसच्या यादीत कुणीच नाही. तोही नाही. लेक म्हणाली, त्यालाही कंपनीच्या साइटवर त्याच्या पानावर दिसलं असेल. आज दुकान उघडलं नाही.

१३ जुलै
त्याचा फोन. "पाहिलंत ना, दादा?" हो म्हणालो.

म्हणाला, "सदतीसला सगळे गळतात. तुमच्याआधी तिघे गळाले. तुम्हीही गळणार, हे मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं."

"मग आलास कशाला?"

"तुमचं पत्र आलं होतं ना. मला कुणाचंच पत्र येत नाही."

रविवारी येतोय.