सोनीच्या गाडीतली गळती

मंगळवार, दिवेलागण

आज लई बरं वाटतंय. नात सोनी तिच्या जुन्या, वाऱ्यासारख्या पळणाऱ्या गाडीतून मला मांजरसुंब्याहून घेऊन आली. त्या गाडीतलं कूलंट, म्हंजी इंजिन थंड ठेवायचं हिरवं पाणी, रोज कमी व्हायचं, पण खाली थेंब न्हाई. तिचा बाप, माझा लेक, म्हणायचा, इंजिनच गेलंय, रविवारी भंगारात घालतो. पोरगी रडकुंडीला आलती.

मी कुणाच्याबी मोटारीत चपला काढूनच बसते. लक्ष्मीच ती. वाटंत पाय ओला लागला. वाटलं, माझीच बाटली सांडली, म्हणून गप बसले. पण बाटलीतलं पाणी कोमट कसं? आन् चिकट? शेवटी म्हणलं, "सोने, रागावू नको, पाय ओला झालाय गं."

तिनं गाडी थांबवली, बोट लावून वास घेतला आन् वरडलीच, "आजे, सापडलं! इंजिन न्हाई, हीटर फुटलाय. त्यातनं फिरणारं हिरवं पाणी सगळं आतच मुरतंय!"

घरी लेकानं वाकून ओली जागा बघितली. मग हसला. "हीटरच्या नळ्या बंद करून टाक. बीडच्या उन्हात हीटर कुणाला लागतो? ऱ्हाऊ दे तुझी गाडी."