दोराचं टोक

वाल्पराइसो, ४ मार्च १८२२

ती. केझायाताईस, शुबेलचा सा. न. वि. वि.

मी जिवंत आहे. पुढचं मात्र बसून वाच. देवमाशाने जहाजाला धडक दिली आणि घटकाभरात ते बुडालं. दोन होड्या उरल्या. ताटातूट नको म्हणून आमची होडी कप्तान जेथ्रोच्या होडीला दोराने बांधली. पाव आणि पाण्याची पिंपं त्याच्याकडे. नवव्या दिवशी सकाळी धुक्यात दोर ढिला पडला. ओढून घेतला, तर टोक कुऱ्हाडीने एका घावात तोडलेलं.

एनॉकदाजी एकतिसाव्या दिवशी गेले. हे टोक केझायाला दे, एवढंच म्हणाले. ते सोबत पाठवतो. आमच्या होडीतल्या सहाजणांत मी एकटा वाचलो. पाय सडलाय. तो धड झाला की येतो आणि जेथ्रोचा कोथळा काढतो.

तुझाच,
शुबेल

नॅन्टकेट, २१ जुलै १८२२

चि. शुबेल यास, केझायाचे अ. आ.

पत्र आणि दोर पोचला. तीन दिवस चूल पेटवली नाही. जेथ्रो मे महिन्यातच परतला. दोर झिजून तुटला, असं गावभर सांगतो. माझ्या स्वयंपाकघरात बसून एनॉकसाठी डोळे पुसतो आणि माशाचं कालवण दोन-दोन वाट्या ओरपतो. काल त्याने मला मागणी घातली. मी हो म्हणाले. नवऱ्याला वर्ष होऊ दे, मग रीतीप्रमाणे भर प्रार्थनासभेत उभं राहून लग्नाचं सांगू, असं म्हटलं.

तू सुरा परजत बसू नकोस. पाय शेकत जा.

तुझी ताई,
केझाया

वाल्पराइसो, १८ डिसेंबर १८२२

ताई,

सा. न. लिहायला हात धजत नाही. ज्याने दोर तोडला, त्याच्या हातात हात देणार? दाजींनी खिशातला शेवटचा तुकडा मला भरवला, आणि तू त्या माणसाला कालवण वाढतेस. आता येईन तो आधी तुला जाब विचारायला. लोभ बिभ मागत नाही.

शुबेल

नॅन्टकेट, ९ मे १८२३

चि. शुबेल यास अ. आ.

गाढवा, तुझ्या शिव्या पोचल्या. लहानपणीही तू शेवटपर्यंत ऐकून घेत नव्हतास.

फेब्रुवारीच्या सभेत जेथ्रो आणि मी उभे राहिलो. कुणाची हरकत आहे का, असं वडीलधाऱ्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझीच आहे, आधी याने दोर कसा तुटला ते सांगावं. झिजून तुटला, असं तो अख्ख्या बेटापुढे म्हणाला. मी पिशवीतून टोक काढून म्हाताऱ्या अबिशायच्या मांडीवर ठेवलं. बेटावरचे सगळे दोर तोच वळतो. त्याने चाचपून पाहिलं आणि म्हणाला, दोर माझ्या हातचा आहे आणि घाव कुऱ्हाडीचा. मग मी तुझं पत्र वाचून दाखवलं. चार भिंतींआड सांगितलं असतं, तर या मंडळींनी मिटवून टाकलं असतं. म्हणून तर नवरी झाले.

जेथ्रो गुडघ्यांवर पडून मोठ्याने प्रार्थना म्हणू लागला. अशा वेळी बाप्ये उठून टोप्या काढतात, तुला काय सांगायचं. एकही टोपी निघाली नाही. त्याच्या सख्ख्या भावाचीसुद्धा. तो म्हणत राहिला आणि आम्ही सगळे बसून राहिलो.

त्याचं नवं जहाज दुसरा कप्तान घेऊन गेला. जेथ्रो रोज धक्क्यावर येतो, पण होडी लागताना बांधायला कुणी त्याच्याकडे दोर फेकत नाही. मला वाटलं होतं, कधीतरी दया येईल. अजून तरी आलेली नाही.

सुरा मासे चिरायला ठेव आणि घरी ये. एनॉकचं ताट मांडते, त्यावर तू बस. राग गेला असेल तर लोभ आहे तसा ठेव.

तुझी,
केझाया