रिकामा पाळणा हलवू नये

ब्रेस्तोवात्स, ३ ऑक्टोबर १९७८

ति. लेपाताईस,
रुझित्साचा सा. न. वि. वि.

तुझ्या सुनेला, दारिंकाला मुलगी झाली हे वाचून मी एकटीच नाचले. संग्रहालयात दुसरं आहेच कोण? तिकीट फाडायचं मी, शेगडी पेटवायची मी, शाळेच्या पोरांना नांगर दाखवायचा मी आणि त्यांनी नांगराला चिकटवलेला च्युइंगगम खरवडायचाही मीच. त्यात गावकऱ्यांना वाटतं, वस्तू नुसत्या ठेवायला दिल्यात. काल रादोये आपलं लाकडी पिंप उचलून घेऊन गेला. कोबी खारवायचा आहे, वसंतात आणून देतो म्हणाला.

आणि आता तूही आईचा पाळणा मागतेस! अगं, बारा तारखेला गुरुवारी बेलग्रेडहून तपासनीस येतायत. नोंदवहीतली वस्तू जागेवर दिसली नाही तर इथे कुलूप लागेल आणि मी पुन्हा मोज्यांच्या कारखान्यात जाईन. पाळणा मजेत आहे, पोरं सारखी हलवत असतात.

दारिंकाला जप म्हणावं. माझ्यावरचा लोभ निदान गुरुवारपर्यंत तरी टिकव.

तुझी,
रुझा

गोर्न्या लिपा, ६ ऑक्टोबर

चि. रुझास अ. उ. आ.

रिकामा पाळणा हलवतात? आणि तू बघत बसतेस? त्याने बाळाचं डोकं दुखतं, हे सांगताना आईने तुझा कान पिळला होता, विसरलीस? आमची नात कालिना सारखी का रडते ते आज कळलं. तिला कणीक मळायच्या काठवटीत निजवतोय आम्ही! त्या पाळण्यात तू निजलीस, मी निजले, माझा मिलोये निजला. त्याच्या लेकीने काय पाप केलंय?

तुला पाळणा जागेवर हवा ना? राहील जागेवर. तो रिकामाच हवा असं कुठे लिहिलंय?

राग आहे, पण लोभही आहेच.

लेपा

ब्रेस्तोवात्स, १४ ऑक्टोबर

ति. ताईस सा. न.

गुरुवारी मी स्टेशनवर साहेबांना आणायला गेले आणि तू कालिनाला पाळण्यात निजवून, दारिंकाला शेजारी बसवून खायला गरम बुरेक आणायला गेलीस. तेवढ्यात काय झालं ते सांगायचंच राहिलं. दारिंका तिथेच स्टुलावर बसल्या बसल्या झोपली होती. साहेबांनी चष्मा लावून निरखलं आणि म्हणाले, पुतळे झकास आहेत, फक्त आई जरा जास्तच दमलेली दाखवलीत. इतक्यात बाळ शिंकलं!

साहेब दचकून मागे सरकले, मग वाकले. कालिनाने त्यांचं बोट धरलं ते सोडेचना. दुसऱ्या हाताने ते पाळणा हलवत राहिले. युद्धाच्या हिवाळ्यात त्यांच्या घरचा पाळणा चुलीत गेला होता, असं हळूच म्हणाले. मला रडू आलं ताई, आणि पिंपाचंही खरं सांगून टाकलं. त्यावर म्हणाले, कोबी मुरला की कळवा.

कुलूप लागणार नाही! नोंदवहीत मी लिहिलं: पाळणा बाहेर दिला, कारण बाळ. परतीची तारीख सुचेना, तेव्हा साहेबांनी स्वतःच लिहिलं: चालू लागेल तेव्हा.

सोमवारी मिलोयेला गाडी घेऊन पाठव. येताना काठवट आणू दे, जागा भरायला हवी. आणि कालिना पावलं टाकू लागली की पाळणा परत आण. पण रिकामा आणू नकोस, तिला आत बसवून आण.

कान पिळायचा हक्क तुझाच.

रुझा